चार बोटं मागे

फोटो धड नव्हता. गाळ्यात उजेड कमी, त्यात जितू सेठने मोबाइल वाकडा धरलेला. मशीनचं अर्धं अंग चौकटीबाहेर, अर्धं अंधारात, आणि एका कडेला सेठचाच अंगठा. पण मशीनच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर एक पिवळी रेघ चमकत होती. बिडाचा, ओतीव लोखंडाचा तुटका तुकडा पितळेच्या झाळेने परत जोडला की अशी रेघ राहते. बीड काळवंडतं, तेल पितं, म्हातारं होतं. रेघ पिवळीच राहते. गुरुनाथने चहाचा कप बशीत ठेवला, तो बशीच्या काठावर बसला आणि चहा ओट्यावर सांडला. एवढंच झालं. फोटोखाली सेठने लिहिलं होतं, 'मिलिंग मशीन है भाऊ, कॅम्प पाच से आनंदनगर, कब आते हो?'

'या आठवड्यात नाही जमणार' असं लिहायला त्याने अंगठा उचलला. मशिनी हलवण्याच्या धंद्यात नाही म्हणण्याची एक रीत असते. लगेच नाही म्हटलं तर माणूस भाव वाढवतो असं समजतात आणि उशिरा म्हटलं तर घाबरला असं. गुरुनाथ या दोहोंच्या मधली वेळ शोधत होता, तेवढ्यात मागे कुबडीचा रबरी बूच फरशीवर टेकला. हरिचंद्रदादा गॅलरीतून कधी उठून आला ते कळलं नव्हतं. पाय एक राहिल्यापासून त्याची चाल उलट हलकी झाली होती.

"यो तोच ना?" दादा म्हणाला.

"कनचा?"

"कनचा काय? टेबलाचा कान बग त्याचा." मग थोडं थांबून, "घे यो काम."

"दादा, आपली मानसं सगली बदलापूरला गुतलीत."

"घे. अन मीबी येतंय."

"तू येऊन काय करशील?"

"बगन. उचलताना बगन. मना बगाचाय, कुठं चुकलो."

आत सखूवहिनीच्या भाकरी थापण्याचा आवाज बंद पडला. नऊ वर्षांत हरिचंद्रने स्वतःच्या तोंडाने घराबाहेर जायचं नाव काढलं नव्हतं. वहिनी पिठाच्या हातानेच दारात आली आणि गुरुनाथकडे अशी बघायला लागली की त्याला नाही म्हणायची जागाच उरली नाही. माणसं अडकतात ती अशी, प्रेमाच्या माणसांच्या नजरेत, दोन्ही बाजूंनी पट्टे लागल्यासारखी.

हरिचंद्र भोईर म्हणजे एकेकाळी आनंदनगरच्या शेडींमधला चालता वजनकाटा. मशीन कुठलंही असो, त्याच्यावर तळवा मारायचा, म्हशीच्या पाठीवर मारावा तसा, दोन पावलं मागे सरून एक डोळा बारीक करायचा आणि सांगायचा, "दोन टन, वर एक पोता." काट्यावर नेलं तर पोत्याचासुद्धा फरक निघत नसे. नुसतं वजन सांगणं सोपं. वजन कुठे बसलंय हे दादाला कळायचं. लेथ बुडात जड, पॉवर प्रेस डोक्यात जड, आणि मिलिंग? "मिलिंग लबाड," तो म्हणायचा, "त्याचा जड कुठं हाय ते त्याच्या टेबलाला विचारा. टेबल वर चढवला का यो डोक्यात जड. खाली घेतला का गरीब गाय." पालेगावात हळदीला आठशे पान असलं की आचारी तांदूळ भिजवण्याआधी दादाला विचारून जायचे. भात उरला नाही आणि कमी पडला नाही, ही त्याची कीर्ती होती. कॅम्प पाचमधल्या त्या सकाळनंतर पाय मांडीपासून गेला, पण लोकांना वाटतं तसा तो पायाने अधू झाला नाही. अंदाज गेला. नकली पाय बसवून दिला होता, चांगला होता. तो कपाटामागे उभा आहे. "त्याच्याव किती भार टाकाचा ते मना कलत नाय," म्हणून दादाने तो काढून ठेवला. वहिनीने विचारावं, वाल किती भिजवू, तर उत्तर ठरलेलं, "तुमी बगा." दिवसभर तो गॅलरीत बसतो. जिथे त्यांची भातखाचरं होती तिथे आता बावीस मजली इमारती उठतायत, आणि त्यांच्या डोक्यावरची उंच क्रेन सळयांचे भारे उचलते. दादा ते भारे बघत बसतो. ओठ हलतात, आकडा बाहेर येत नाही.

मशीनचं वजन दादाला कळायचं, तर माणसाचं गुरुनाथला. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण या कलेला कुणी तळवा मारून दाद देत नाही. पण तो माणूस बघितला की त्याचा जड भाग शोधायचा. जितू सेठचं सगळं वजन आवाजात. आवाज काढून घेतला तर सेठ वाऱ्याने उडेल. त्यांच्या टोळीतल्या आनंदाचं जिभेत. सखूवहिनीचं पायात, ती जिथे उभी राहिली तिथून तिला अजून कुणी हलवलेलं नाही. आणि अपघातानंतर लोक गुरुनाथबद्दल बोलायचे, भाऊ असावा तर असा, दोन्ही घरं ओढतोय, दादाचा शब्द खाली पडू देत नाही, तेव्हा तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. बिनकामाचं ओझं असलं तरी स्तुती माणूस लगेच खांद्यावर घेतो, वजन विचारत नाही. स्वतःचं वजन कुठे आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. ते त्रेचाळीस वळशांमध्ये होतं.

त्या सकाळी जितू सेठची आजी, सगळे तिला अम्मा म्हणायचे, गाळ्यात आली होती. मशीन आनंदनगरच्या नव्या शेडमध्ये जाणार, म्हणून तिने मशीनच्या टेबलावर लाल कापड अंथरलं, त्यावर फळं, खडीसाखर, आणि कणकेचा पाच वातींचा दिवा. टेबल वर चढवलेलं होतं. काम करून कारागीर जसं सोडून गेला तसंच. दांड्याचे त्रेचाळीस वळसे फिरवून टेबल खाली घेणं, सगळे नटबोल्ट आवळणं, हलणारं काही हलू न देणं, हे काम गुरुनाथचं. पट्टे लावणं आणि हायड्रा क्रेनवाल्याला आवाज देणं हे दादाचं. टोळीत एकाच्या कामाला दुसरा हात लावत नाही आणि एकाने सांगितलेलं दुसरा तपासत नाही. तपासलं तर त्याचा अर्थ वेगळा होतो. गुरुनाथने खालच्या दांड्याला हात घातला तर अम्माने तिचा सुरकुतलेला, हिरव्या बांगड्यांचा हात त्याच्या हातावर ठेवला. "ठहर पुट, जोत हिलेगी." तो थांबला. त्यात चूक नव्हती. म्हातारीच्या दिव्यासाठी थांबणारा माणूस कुठल्याही वहीत वाईट ठरत नाही. पाच वाती जळल्या, अम्माने दिवा ताटात घेतला, पुटपुटत बाहेर गेली, परत येऊन लाल कापड घडी केलं, आणि मग सगळ्यांना कागदी द्रोणांतून गोड भात वाटला, केशरी, वेलदोड्याचा, वर काजू. गुरुनाथ दारात उभा राहून खात होता. बोटं चिकट झाली होती. अजून दोन घास, मग हात धुतो, मग टेबल. तेवढ्यात मशीनच्या पलीकडून, बुडाखालून पट्टा ओढता ओढता, दादाने विचारलं, "गुरू, टेबल खाली?"

आणि तो म्हणाला, "खाली."

का म्हणाला, याचा हिशेब त्याने नऊ वर्षं मांडला. तोंडात घास होता म्हणून? 'थांब' म्हटलं असतं तर टोळीपुढे दादा ओरडला असता म्हणून? की हा शब्द रोज याच जागी, याच प्रश्नाला इतक्यांदा म्हटलेला की तो जिभेवर आपोआप आला, खऱ्याखोट्याला न विचारता? प्रत्येक कारण अर्धं खरं होतं. त्या सकाळी जमिनीपासून दोन बोटं उचलून बघितलं तेव्हा मशीन सरळ लटकलं होतं. हे त्याला स्वच्छ आठवतं, पाण्यात धरलेल्या ओळंब्यासारखं सरळ. दादाने आवाज दिला, हायड्रा मशीन घेऊन निघाला, आणि गल्लीच्या गटाराच्या ढाप्यावर त्याचं पुढचं चाक दचकलं. तेवढा झोका पुरला. डोक्यात जड असलेलं सव्वादोन टन पट्ट्यांच्या झोळीत पालथं झालं, आणि ज्याने आयुष्यभर इतरांना शिकवलं की पडणाऱ्या मशीनला खांदा द्यायचा नाही, त्या दादाने खांदा दिला. कोसळताना दांड्याचा स्क्रू वाकला, टेबलाचा कोपरा तुटला आणि टेबल आपल्या वजनाने घसरत पार खाली येऊन बसलं. नंतर बघणाऱ्या प्रत्येकाला ते खालीच दिसलं. गुरुनाथचा शब्द मशीनने खरा करून दाखवला होता.

शुद्धीवर आल्यावर हरिचंद्रने पायाबद्दल विचारलं नाही. "टेबल खाली होता ना रं?"

"हो."

"नट टाईट?"

"हो दादा."

"मंग पट्टा. पट्टा मी लावला."

तिथे बेरीज संपली. पहिला 'खाली' चुकून सुटला असेल. हा दुसरा 'हो' चुकून सुटला नव्हता. पहिल्या आठवड्यात सांगायचं होतं, पण दादा अशक्त. मग नकली पाय बसू दे. मग वहिनीचं ऑपरेशन. मग पावसाळा. खोटं शिळं होत नाही, ते जड होत जातं. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून उचललं असतं, आता हायड्रा लावला तरी उचललं जाणार नव्हतं. आणि मग एक वेगळीच गोष्ट व्हायला लागली. पहिल्या वर्षी दादा म्हणायचा, "दोन बोटांवर सरल होता रं, मंग कसा काय?" तिसऱ्या वर्षी म्हणायला लागला, "सरलच वाटला मना." सहाव्या वर्षी, "मागं जरासा झुकला होता वाटतं." आणि आता, "मागं झुकला होता. मना दिसला होता. मी म्हटला चालंल." गुरुनाथने दिलेल्या एका शब्दाभोवती दादाचं डोकं नऊ वर्षं फिरत राहिलं आणि त्याने जे झालंच नव्हतं ते डोळ्यांनी बघून टाकलं. हे गुरुनाथने पायरीपायरीने होताना पाहिलं होतं. शेजारी बसून, चहा पीत.

गुरुवारी सकाळी रिक्षा कॅम्प पाचच्या गल्लीत शिरली तेव्हा गुरुनाथला आधी ढापा दिसला. तोच. बदलला नव्हता, फक्त एक कोपरा आणखी खचला होता. मोकळ्या बाजूला, मशीनच्या झोक्यापासून लांब, त्याने दादासाठी प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. जितू सेठ दोन्ही हात पसरून आला.

"अरे साईं, हरिचंद्रभाऊ! कितना टाइम! अम्मा जाईपर्यंत तुमचं नाव काढायची."

"बरी गेली ना?" दादाने विचारलं.

"एकदम शांत. बस एकच बोलायची, उस दिन मेरी जोत में कुछ खोट रही. खोट समजला ना, कमी. मैं बोला अम्मा, जोत का क्या लेना-देना."

गुरुनाथ हेल्मेटचा पट्टा पुन्हा पुन्हा बांधत होता. म्हणजे आणखी एक माणूस. अम्माचं नाव त्याने आजवर यादीत धरलंच नव्हतं. एका 'खाली'खाली किती जणांनी आपापला खांदा दिला होता!

"जोत नाय, सेठ," हरिचंद्र म्हणाला, "चूक माजी होती."

"जाने दो ना भाऊ, चाय पियो."

आनंदा पट्टे घेऊन आला. कऱ्हाडकडचा, बोलायला लागला की हातातलं काम सोडून बोलायचा. "हरिचंद्रभाऊ, सांगा बरं, वजन किती माझं? दोन किलो घटलंय म्हणती बायको."

पूर्वी दादाने लगेच फेकलं असतं, जिभेसकट का जिभेवेगळं? आज तो नुसता हसला. "तूच बग."

गुरुनाथ गाळ्यात शिरला. अपघातानंतर झाळून परत इथेच बसवलेल्या मशीनचा वास तोच होता, शिळं तेल आणि बिडाचा बारीक भुगा. त्याने सवयीने सगळं बघितलं. वायर सोडवलेली, जमिनीतले बोल्ट काढलेले. वरच्या, उचलायच्या कडीचे आटे झिजून मेलेले, म्हणजे आजही पट्टे बुडाखालूनच. मग खालच्या दांड्याशी आला. टेबल वर होतं. कारागीर काम करून जसं सोडून गेला तसंच. त्याने दांडा फिरवला. एक. दोन. टेबल उतरतंय हे डोळ्यांना कळत नाही, हाताला कळतं, वजन मनगटात येऊन बसतं. अकरा. बारा. कुणी हातावर हात ठेवला नाही. वीस. तो सावकाश फिरवत होता, कारण संपल्यावर काय करायचं ते ठरलं नव्हतं. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. टेबल बुडाला टेकलं. घड्याळ बघितलं तर दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"गुरू," बाहेरून हाक आली. नऊ वर्षांत न ऐकलेल्या आवाजात. "टेबल खाली?"

त्याच्या घशात काहीतरी केशरी, गोड चढलं. "खाली," तो म्हणाला, आणि या वेळी ते खरं होतं, आणि कानाला दोन्ही 'खाली' अगदी सारखेच लागले.

"आयक. पट्टा तिथंच लाव, मी लावला होता तिथं. बुडाच्या पट्टीच्या कडंला धरून. दोन बोटं उचल फकस्त. मना बगू दे."

आनंदा आत आला, पट्टा सारायला वाकला. "आज भाऊंचा पेपर तपासायचा म्हणायचा," तो हळूच म्हणाला. गुरुनाथने त्याला साखळी आणायला बाहेर पाठवलं. साखळी लागणार नव्हती. पट्टीच्या कडेला पट्टा, टेबल खाली: मशीन सरळ लटकेल. ढाप्यावर दचकलं तरी पाळण्यासारखं डुलून परत सरळ होईल. आणि दादा खुर्चीतून बघेल. त्याचा डोळा अजून शाबूत आहे. तो मनाशी मांडेल की पट्टा तोच, जागा तीच, मशीन तेच, गल्ली तीच. मग उरलं काय? उरलेल्या एकाच गोष्टीकडे तो मान वळवेल. ओरडणार नाही. दादा कधी ओरडलाच नव्हता, हे गुरुनाथला आत्ता आठवलं. ओरडेल म्हणून मी खोटं बोललो, हे कारणसुद्धा आपण नंतर बनवलेलं. तो फक्त बघेल. आणि नऊ वर्षं या घरात एका ताटात जेवलेला माणूस त्याला पहिल्यांदा दिसेल.

टेबलाला आडवं एक चाक असतं. ते फिरवलं की टेबल पुढे-मागे, मशीनच्या मागच्या खांबाकडे, कॉलमकडे सरकतं, आणि मशीनचं वजन त्याच्याबरोबर मागे जातं. गुरुनाथचा हात त्या चाकावर होता. तो तिथे कधी गेला हे त्याला सांगता आलं नसतं. दादाला सरळ मशीन दाखवायचं म्हणजे त्याला भाऊ गमवायला लावायचं, असं तो मनाशी म्हणाला. म्हातारपणी एवढं ओझं कशाला. वाक्य चांगलं जमलं होतं. जमलेल्या वाक्यांवर त्याचा विश्वास नव्हता, पण तोवर चाक फिरत होतं. चौदा वळसे. टेबल कॉलमला जाऊन चिकटलं. त्याने नट आवळले, हात पुसले आणि बाहेर येऊन म्हणाला, "चल, उचल. दोन बोटं."

हायड्राची लांब मान ताठली, पट्टे करकरले. मशीन जमिनीवरून सुटलं आणि मागे झुकलं. जास्त नाही, एखादा माणूस जेवणानंतर मागे रेलतो तेवढं.

"बास!" हरिचंद्र ओरडला. "ठेव, ठेव खाली." तो एका पायावर, कुबडीशिवाय उभा राहिला होता. "बगलास? बगलास गुरू? मी बोलत नवतो? मागं झुकला होता. असाच. अगदी असाच."

"हो दादा."

"आता मागं घे पट्टा. थांब, मी सांगतो. अजून. अजून थोडा. बास." त्याने डोळा बारीक केला होता. "हितं. उचल."

मशीन उठलं, सरळ. जितू सेठने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. आनंदाने जुन्या आणि नव्या जागेच्या मधे हात धरून बघितला. "चार बोटं, भाऊ. बरोब्बर चार बोटं."

"चार बोटं," हरिचंद्र म्हणाला. मग बसला. हायड्रा ढाप्यापाशी आला, पुढचं चाक दचकलं. मशीन थोडं डुललं, विचार केल्यासारखं, आणि परत ओळंब्यात आलं. कुणी जवळ गेलं नाही, कुणी खांदा दिला नाही. ट्रेलरवर ते फळ्यांवर टेकलं तेव्हा दादा रडत होता, तोंड उघडं ठेवून, आवाज न करता. जितू सेठने शूटिंग बंद केलं. गुरुनाथ जवळ गेला.

"मना वाटायचा हातभर चुकलो असन," दादा म्हणाला. "रात रात वाटायचा. अदमासच नवता मना, सगला उगाच बोलत होतो जनमभर. अन निगाली चार बोटं." त्याने चारही बोटं एकत्र धरून गुरुनाथपुढे केली, जाड, काळी, नखं तुटलेली. "चार बोटं कुनाची बी चुकतात. नाय?"

"चुकतात ना."

"तू नसता आनला तर मना कललाच नसता."

आनंदनगरच्या शेडमध्ये मशीन उतरवायला दुपार झाली. तिथे सेठच्या बायकोने टेबलावर लाल कापड अंथरून दिवा लावला आणि गोड भात वाटला. आनंदाने दोन द्रोण खाल्ले. गुरुनाथ ट्रेलरच्या दोऱ्या गुंडाळत राहिला. दोऱ्या संपल्यावर सोडून परत गुंडाळल्या. दादा मशीनपाशी गेला, त्या पिवळ्या रेघेवरून अंगठा फिरवला, आणि मग तळवा मारला. फट्. मागे सरायला पाय नव्हता म्हणून नुसतीच मान मागे घेतली. "सव्वादोन टन," तो म्हणाला. "वर एक आनंदा."

"हां! आता बोलले भाऊ!" आनंदाच्या तोंडातला भात उडाला.

घरी पोचेपर्यंत पालेगावच्या इमारतींवर संध्याकाळचं ऊन आलं होतं. दादाने लिफ्टपाशी वॉचमनला चार बोटं दाखवली, शेजारच्या बनूबाईंना दाखवली. गॅलरीतल्या खुर्चीत बसला आणि समोरच्या क्रेनकडे बघून मोठ्याने म्हणाला, "पाऊन टन." भारा वर गेला. दादाने पुढच्या भाऱ्याकडे बघितलं. गुरुनाथ आतल्या खाटेवर बसला होता. कपाटामागे नकली पाय उभा होता, बूट घातलेला, नवा कोरा. सांगायचं आता काही उरलं नव्हतं. आता सांगितलं तर दादाकडून ती चार बोटंही जायची. हे दार त्याने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं, नट आवळून. आणि त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

स्वयंपाकघरातून वहिनीने सवयीने, उत्तराची वाट न बघता, विचारलं, "भात किती टाकू?"

"तीन वाट्या," गॅलरीतून दादा म्हणाला. "गुरू हितंच जेवल."

तांदळाच्या डब्यात वाटी आपटली. सखूवहिनी ओले हात घेऊन बाहेर आली, आधी गॅलरीकडे बघितलं, मग गुरुनाथकडे. जिला कुणी हलवू शकलं नव्हतं ती खाटेच्या कडेला टेकली. "भावोजी," ती अगदी हळू म्हणाली, "तुमी काय केलात तरी काय आज?"

तो तिच्या ओल्या पाटल्यांकडे बघत म्हणाला, "काय नाय, वहिनी. टेबल खाली घेतला."

"त्यो तर त्यानं तवाबी घेतला होता," दादा बाहेरून कौतुकाने म्हणाला. "त्याच्या कामात चूक नसती."

वहिनीने पदराने डोळे टिपले आणि आत गेली. तासाभराने तिघं जेवायला बसले. दादाने सुकटीचं कालवण दोनदा मागून घेतलं. वहिनीने शेवटचा भात गुरुनाथच्या ताटात वाढला, पातेलं खरवडून कलतं करून दाखवलं. तीन वाट्या. उरला नव्हता आणि कमीही पडला नव्हता. गुरुनाथने घास केला, आणि जेवला.